बोट घेणे आहे

आमच्या घराण्यात तीन गोष्टी वर्ज्य आहेत: कोर्टाची पायरी, उधारीचे दुकान आणि लाँच. पहिल्या दोन गोष्टींचे कारण आज कोणालाच सांगता येत नाही. तिसरीचे मात्र घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. त्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकापाशी उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे पाण्यात गेली. त्यांत माझा मामा होता. एकोणीस वर्षांचा, गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवणारा, अमावास्येला घरी जेवायला निघालेला. मी त्याला पाहिलेले नाही. त्याचा फोटोही घरात नाही. आई तेव्हा दहा वर्षांची होती. लग्न होऊन ती थळला आमच्या घरात आली तेव्हा माहेरच्या भांड्यांबरोबर हा नियमही घेऊन आली, आणि सासरच्या कोणीही त्यावर ब्र काढला नाही. कारण त्या अमावास्येला अलिबाग तालुक्यातल्या किती गावांत चुली पेटल्या नव्हत्या, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

त्यामुळे मुंबईहून थळला जायचे म्हणजे आम्हा भावंडांच्या वाट्याला एस.टी. आली. पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग. मुंबईच्या किनाऱ्यावरून पलीकडचे डोंगर स्वच्छ दिसतात. त्या डोंगरांकडे पाठ फिरवून आम्ही सगळ्या खाडीला वळसा घालायचो. शेजारची मंडळी लाँचने तासाभरात पलीकडे उतरून, घरी आंघोळ-जेवण उरकून झोपाळ्यावर पान लावीत बसलेली असायची, तेव्हा आम्ही पेणच्या स्टँडवर धाकट्या बहिणीच्या तोंडाखाली कागदाची पिशवी धरून उभे असायचो. पण तक्रार कोणी करीत नसे. तक्रार केलीच तर आई फक्त ‘बरं’ म्हणायची, आणि ते ‘बरं’ ऐकले की आम्ही मुकाट्याने खिडकीबाहेर बघत बसायचो.

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले म्हणजे समोर दोन बेटे दिसतात. जवळचे, ठेंगणे, पाण्यात बसकण मारल्यासारखे, ते उंदेरी. त्याच्या पलीकडचे, दोन टेकाडांचे आणि डोक्यावर दीपगृह असलेले, ते खांदेरी. १८६७ सालापासून तिथला दिवा दर्यावर्दी माणसांना वाट दाखवतो आहे. लहानपणी संध्याकाळी ओटीवर परवचा म्हणताना माझा एक डोळा त्या दिव्याकडे असे. कोळीवाड्यातली माझ्या वयाची पोरे वेताळाच्या दर्शनाला होड्यांतून खांदेरीला जाऊन यायची आणि तिथे एक खडक आहे, त्याच्यावर दगड मारला की भांड्यासारखा वाजतो, असे सांगायची. मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत तो खडक ऐकला नव्हता. डोळ्यांसमोर तीन-साडेतीन मैलांवर असलेली जागा, आणि तिथे जायला मनाई! मला वाटते, माणसे काशी-रामेश्वरासाठी झुरत नाहीत, अशाच एखाद्या जागेसाठी झुरतात.

नोकरीतून मोकळा झालो, मुलाचे लग्न झाले, नात शाळेत जाऊ लागली, आणि गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर एके दिवशी मी हिला म्हणालो, “मी एक बोट घ्यावी म्हणतो.”

ही भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. “आधी थळच्या घराची कौलं परतून घ्या,” ती म्हणाली. आमच्या संसारात एवढ्याला संमती म्हणतात. आईला इतक्यात सांगायचे नाही, हे ठरवण्यासाठी तर आम्हाला बोलावेही लागले नाही.

आता बोट घ्यायची म्हणजे काय करायचे? मोटार घ्यायची तर गल्लीतला पानवालाही सल्ला देतो. बोटीच्या बाबतीत आमच्या सबंध इमारतीत अनुभवी असा एकच गृहस्थ निघाला, आणि त्याचा अनुभव राणीच्या बागेजवळच्या तळ्यातला होता. नव्या बोटीचा विचार पहिल्याच दिवशी सुटला. एक तर किंमत. त्यातून २२ सप्टेंबर २०२५ पासून करमणुकीच्या नौकांवरचा वस्तू-सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. सरकारच्या दृष्टीने बोट घेणारा माणूस पान-मसाला खाणाऱ्याच्या रांगेत बसतो. तेव्हा वापरलेली बोट पाहायची हे ठरले. तीही फार वापरलेली नको, थोडीच वापरलेली. ‘थोडी वापरलेली’ हे शब्द ऐकायला किती गोड लागतात! त्यांच्या पोटात काय काय मावते ते मला पुढे कळले.

पहिली बोट पाहिली ती खाडीकाठच्या एका यार्डात. चोवीस फुटी, पांढरीशुभ्र, कमरेला निळा पट्टा, मऊ गाद्या, गाण्यांचे यंत्र, आणि पाठीमागे दीडशे अश्वशक्तीचे इंजिन. कोकणात याला सगळे ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे बोटीच्या आत न बसवता मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले इंजिन. मालक तरुण, हसतमुख, हातावर तास दाखवणारे आणि नाडी मोजणारे घड्याळ. “अंकल, फक्त ऐंशी तास चाललीय,” तो म्हणाला. “चार वर्षांत ऐंशी तास! समजा शोरूममधूनच नेताय.” बोटीचे वय मैलांत मोजत नाहीत, इंजिन चालल्याच्या तासांत मोजतात, हे मला त्या दिवशीच कळले होते, त्यामुळे ऐंशी हा आकडा ऐकून माझे डोळे चकाकले. त्याने मला चाकासमोर बसवून माझा फोटो काढला. त्या फोटोत मी अगदी आरमारी अधिकारी दिसतो. इसार म्हणून पंचवीस हजारांचा चेक मी खिशातून काढलाही होता. पण पेन सापडेना. तेवढ्यावरून मी वाचलो.

दुसऱ्या खेपेला मी थळहून तांडेलांना बरोबर नेले. पन्नास वर्षे समुद्रावर काढलेला माणूस. आता मुलगे मासेमारीला जातात आणि हे ओट्यावर बसून जाळी विणतात. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे. खडक वाजतो हे मला लहानपणी सांगणाऱ्या पोरांत तेही होते. त्यांनी बोटीकडे लांबूनच एकदा पाहिले, गाद्यांना हात लावला नाही, गाण्यांचे यंत्र पाहिले नाही. पहिला प्रश्न मालकाला विचारला तो असा: “पावसात खय होती?”

“इथंच. नांगरावर.”

“चारी पावसाळं?”

मालक घड्याळाकडे पाहू लागला. तांडेलांनी खिशातून लाकडी मुठीची छोटी हातोडी काढली आणि बोटीच्या अंगावर ठोकत ठोकत नाकापासून मागे निघाले. टक, टक, टक. डॉक्टर पाठीवर बोटे वाजवतात तसे. मी मागोमाग कान लावून. मागच्या फळीपाशी, जिथे ते अवजड इंजिन लटकत होते तिथे, आवाज बदलला. टक ऐवजी थप. भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. तांडेलांनी माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा ठोकले. थप.

फायबरच्या पुष्कळ बोटींची ती मागची फळी आतून प्लायवुडची असते आणि वरून फायबरचे कवच. इंजिनाच्या बोल्टांसाठी तिला भोके पाडतात. त्या भोकांतून पाणी आत शिरले की बाहेरून चकचकीत आणि आतून लाकूड कुजलेले, अशी अवस्था होते. मग एखाद्या दिवशी भर समुद्रात, लाटेवर आदळताना, ती फळी फाकते. आणि फळी फाकली की इंजिनही जाते आणि त्या वाटेने पाणीही येते. तांडेलांनी इंजिनाच्या पायाला धरून ते वर-खाली हलवायला मला सांगितले. फळीही त्याच्याबरोबर लवली. किंचित, पण लवली.

मग त्यांनी गाद्या उचलल्या. नवीन गाद्यांखाली, बैठकीच्या मागच्या अंगाला, तपकिरी रंगाची एक सरळ रेघ होती. घराच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची राहते तशी. विजेच्या तारांच्या पेटीचे झाकण काढले तर आत मीठ फुललेले. सगळा इतिहास एका रेघेत होता. कुठल्यातरी पावसाळ्यात तळाचे पाणी उपसणारा पंप बॅटरी उतरल्याने बंद पडला, बोट पावसाने भरत भरत नांगरावरच बसली आणि इंजिनासकट पाण्याखाली गेली. नंतर तिला वर काढून, धुऊन-पुसून, गाद्या बदलून उभी केली होती. ऐंशी तास खरे असतीलही. पण त्या ऐंशी तासांत बोटीचे काही बिघडले नव्हते. जे बिघडले ते ती उभी होती त्या वेळात.

“बोट चालवून मरत नाय, भाऊ,” परतताना तांडेल म्हणाले, “ठेवून मरते.”

त्यानंतर दोन महिने आम्ही दोघे बोटी ठोकत हिंडलो. सात बोटी पाहिल्या. एकीच्या इंजिनाचे खालचे तेल सोडून पाहिले तर दुधासारखे पांढरे. म्हणजे पंख्याच्या दांड्यावाटे पाणी आत गेलेले. एकीचे इंजिन आम्ही पोचण्याआधीच मालकाने गरम करून ठेवले होते; तांडेलांनी त्यावर हात ठेवला आणि ‘उद्या येताव’ म्हणून मला बाहेर काढले. थंड इंजिन कसे सुरू होते हेच तर पाहायचे असते. एका बोटीच्या टाकीत वर्षभराचे पेट्रोल पडून होते. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. ते पाणी टाकीच्या तळाशी साचले की इंजिन अगदी नको त्या वेळी खोकते. मोटार खोकली तर माणूस खाली उतरून धक्का मारतो. समुद्रात खाली उतरून काय करणार? मला हळूहळू कळू लागले होते की आपण बोट पाहतच नाही, तिच्या धन्याच्या सवयी पाहतो आहोत. कोणी समुद्रातून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने धुतले नाही, कोणी जस्ताचा गट्टू झिजून गेला तरी बदलला नाही. हा गट्टू मुद्दाम इंजिनाला लावतात, म्हणजे खारे पाणी आधी त्याला खाते आणि इंजिन वाचते. दहा-वीस रुपयांच्या नव्हे, पण हजारांच्या आतल्या त्या तुकड्याच्या आळसापायी लाखांची इंजिने चाळणी झालेली मी पाहिली.

आठवी बोट मांडव्याजवळ होती. तिची जाहिरात नव्हती; तांडेलांना कोणीतरी सांगितले होते. एकोणीस फुटी, उघडी, सावलीपुरते कापडी छत, साठ अश्वशक्तीचे इंजिन. रंग उडालेला. गाद्या नाहीत, फळ्यांचे बाक. दिसायला म्हणाल तर पहिलीच्या पायाशी उभी राहायची लायकी नाही. मालक ऐंशीच्या घरातले, व्यापारी जहाजांवर इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेले गृहस्थ. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून बोट काढत होते. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि एक वही समोर ठेवली. नऊ वर्षांची वही. प्रत्येक फेरीची तारीख, किती वाजता निघालो, किती पेट्रोल, किती तास. इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचे रबरी चाक कधी बदलले. पावसाळ्यासाठी बोट ओढून वर कधी घेतली: मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दरवर्षी. एका पानावर नुसतेच लिहिले होते, ‘बूच लावायला विसरलो. पाच मिनिटांत लक्षात आले. मूर्खपणा.’ बोटीच्या तळाला पाणी सोडायचे एक भोक असते, त्याचे हे बूच. त्या एका वाक्यावर माझा त्या माणसावर विश्वास बसला.

तासांची बेरीज चारशे बाराच्या पुढे जात होती. नव्या इंजिनांच्या पोटात एक संगणक असतो, तोही तास लिहून ठेवतो; मिस्त्री यंत्र लावून वाचतो. दोन्ही आकड्यांत दोन-तीन तासांचा फरक निघाला. चारही सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा भरला. तांडेल हातोडी घेऊन फिरले. टक, टक, टक. मागच्या फळीवर टक. त्यांनी तीनदा ठोकले आणि हातोडी खिशात टाकली.

मी किमतीचा विषय काढला. वृद्ध गृहस्थ म्हणाले, “किमतीचं नंतर बघू. आधी मला सांगा, आज पूर्ण भरती किती वाजता?”

आम्ही बोट तपासायला आलो होतो. आता बोटवाला आम्हाला तपासू लागला. मी खिशात मोबाइलसाठी हात घातला. “तो नको,” ते म्हणाले. “पाण्यात पडला तर?”

आणि मग मला आपोआप आठवले. ज्या आईने समुद्राला पाय लावू दिला नाही, तीच सकाळी दिनदर्शिकेवरची तिथी पाहून भरतीची वेळ पुटपुटत असे. तिथीची पाऊणपट करायची. किनाऱ्याच्या गावांतला हा जुना हिशेब. बाजारात मासळी कधी येईल, पोरांना वाळूत कधी सोडायचे आणि कधी हाकारून आणायचे, सगळे ती त्यावर ठरवी. “आज पंचमी,” मी म्हणालो. “पाचाची पाऊणपट. पावणेचार.”

गृहस्थांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. “कोणी शिकवलं?”

“आईनं.”

“आणि पंचमीची भरती केवढी?”

हे तांडेलांनी परस्पर सांगितले. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा आमच्या बाजूला पाणी पंधरा-सोळा फूट चढते आणि तितकेच उतरून चिखल उघडा पाडते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलते. पंचमी म्हणजे उधाण ओसरून भांगाकडे चाललेले पाणी. परीक्षा संपली. त्यांनी सांगितलेली किंमत एका बऱ्या वापरलेल्या मोटारीएवढी होती, आणि मी घासाघीस केली नाही. ही अजून म्हणते की करायला हवी होती.

घेण्याआधी पाण्यावर चालवून पाहायची, हे तर तांडेलांनी पहिल्या दिवसापासून बजावले होते. “कुठं जायचं?” गृहस्थांनी विचारले. माझ्या तोंडून दुसरे नाव निघणे शक्य नव्हते.

सकाळी सातला निघालो. हिवाळ्यात आमचा समुद्र सकाळी निजलेला असतो. दुपारी वायव्येचा वारा सुटला की उठून बसतो. वहीत जागोजाग लिहिले होते, ‘दोनच्या आत परत.’ इंजिनावर हात ठेवून पाहिला: गार. पहिल्याच किल्लीला ते सुरू झाले आणि त्याच्या कुशीतून पाण्याची बारीक धार सुटली. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी. आतून थंड पाणी फिरते आहे याची ती खूण. धार थांबली की इंजिन बंद करायचे, मग तुम्ही कुठेही असा. एक लाल दोरी गृहस्थांनी माझ्या मनगटाला अडकवली. मी तोल जाऊन पडलो तर दोरी निसटेल आणि इंजिन आपोआप बंद पडेल. मुंजीनंतर कोणी इतक्या गांभीर्याने माझ्या अंगावर दोरा घातला नव्हता.

मांडव्याचा धक्का मागे पडला तसा वेग वाढवला. बोटीने आधी नाक वर केले, मग हळूच खाली घेतले आणि पाण्याच्या पाठीवर सरपटू लागली. आवाज बदलला, बोट हलकी झाली. उजवीकडे मुंबईच्या उंच इमारती धुक्यात पेन्सिलीने काढल्यासारख्या उभ्या होत्या. त्या बाजूच्या पाण्याकडे पाहताना मला मामाची आठवण होणारच होती, आणि झाली. त्या माणसाला इतक्या सकाळी, आषाढातल्या अमावास्येच्या उधाणात, पावसाळी वाऱ्यात कोणी नेले? आज पावसाळ्यात गेटवेच्या लाँची बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते. तेव्हा तसे नव्हते. मी वेग कमी केला. तांडेलांना वाटले काही बिघडले. “काय नाय,” मी म्हणालो.

मग डावीकडे थळ आले. आपले गाव पाण्यावरून कसे दिसते ते मी पहिल्यांदा पाहत होतो. नारळांच्या मागे आमचे कौलारू छप्पर केवढेसे! गावाचा वासही निराळा आला, सुकत घातलेल्या मासळीचा आणि ओल्या वाळूचा. उंदेरीला वळसा घालून आम्ही खांदेरीच्या धक्क्याला लागलो. निघाल्यापासून पुरते चाळीस मिनिटेही झाली नव्हती. चौसष्ट वर्षे आणि चाळीस मिनिटे!

खांदेरीची हकीकत वाचकांना ठाऊक असेलच. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मायनाक भंडाऱ्याला या बेटावर तट बांधायला पाठवले तेव्हा मुंबईच्या इंग्रजांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी जहाजे आणून बेटाला वेढा दिला. पण इंग्रजांची जहाजे खोल पाण्याची आणि वाऱ्याची मिंधी; आमचे मचवे उथळ, वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला की जहाजे जागच्या जागी, आणि मचवे रात्रीच्या अंधारात किनाऱ्याच्या कडेने दगड-धान्य घेऊन बेटावर. त्याच ऑक्टोबरात इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांनी पकडलेसुद्धा. पुढच्या जानेवारीत सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, तेव्हापासून ही दोन भावंडे एकमेकांवर तोफा डागत राहिली. १७१८ मध्ये, कान्होजी आंग्र्यांच्या काळात, इंग्रज पुन्हा खांदेरीवर चालून आले आणि पुन्हा हात हलवीत गेले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे. शाळेत हे सगळे मी वाचले होते. पण उथळ बोटीचे मर्म कळले ते त्या दिवशी, उंदेरीच्या खडकांवरून दोन फूट पाण्यातून तांडेलांनी बोट अल्लाद काढली तेव्हा.

वेताळाला नारळ फोडला. मग तांडेल मला त्या खडकापाशी घेऊन गेले. मी लहानसा दगड उचलला आणि मारला. पोरे खोटे बोलली नव्हती. तांब्याच्या घागरीवर टिचकी मारावी तसा आवाज आला. मी पुन्हा मारला. दहा-बारा वेळा मारला असेल. तांडेल गंभीरपणे म्हणाले, “पक्का हाय. आतून कुजला नाय. घ्यून टाका.”

परत येताना त्यांनी सगळे करून पाहिले: जोरात वळणे, एकदम थांबणे, मागे घेणे, मुद्दाम एका लाँचच्या लाटा आडव्या घेणे. धक्क्याला लागल्यावर तळाची फळी उचलून आत हात घातला. कोरडा. मग मी चेक लिहिला. या वेळी पेन सापडले.

कागदपत्रांचे पुराण सांगत बसत नाही. सागरी मंडळाकडची नोंद आपल्या नावावर करणे, तपासणीचा दाखला, विमा, चालवणाऱ्याचा परवाना. नोंदणीच्या पुस्तकातला इंजिनाचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा, एवढेच सांगतो. खर्चही सांगून ठेवतो, नाहीतर एखादा वाचक माझ्या नावाने बोटे मोडेल: बरा वेग धरला की तासाला पंधरा लिटर पेट्रोल जाते, आणि बोट उभी असली तरी तिचे भाडे, तिचा राखणदार आणि तिचा पावसाळा चुकत नाही. हिने त्या वहीला जोडून आता खर्चाची दुसरी वही घातली आहे. ती मी उघडत नाही.

राहिली आई.

सांगायचे कसे, यावर आम्ही आठवडाभर खल करत होतो. मुलगा म्हणाला, मी सांगतो. सून म्हणाली, नातीकडून सांगवू. शेवटी कोणालाच सांगावे लागले नाही. रात्री जेवताना आई आमटीत भात कालवीत म्हणाली, “मांडव्याहून त्या गृहस्थांचा फोन आला होता दुपारी. तू झोपला होतास. जादा बूच त्यांनी तेलाच्या डब्याशेजारच्या पिशवीत ठेवलंय म्हणाले. आणि दुर्बीण देऊन टाकलीय, तिचे पैसे नकोत.”

कोणी घास गिळला नाही. ही आतून मीठ आणायला गेली. मीठ ताटात होते.

“चांगले आहेत गृहस्थ,” आई म्हणाली. “अर्धा तास बोललो आम्ही. त्यांनाही तिथी कळते.” मग बराच वेळ काही बोलली नाही. जेवण झाल्यावर हात धुऊन आली आणि मला म्हणाली, “जाकिटं किती आहेत?”

“सात. बोट सात जणांची आहे.”

“घालतात, की बाकाखाली ठेवतात?”

“घालायची.”

“धक्क्यावरच घालायची. बोटीत पाय ठेवायच्या आधी.” आणि मग, ज्या विषयावर तिने माझ्या उभ्या जन्मात ‘बरं’ यापलीकडे शब्द काढला नव्हता, त्यावर ती बोलली. “बोट बुडली नव्हती रे. कलंडली. लाट आली तशी घाबरून सगळे एका अंगाला पळाले. जे वाचून आले त्यांनी आमच्या अंगणात बसून सांगितलं बाबांना. मी दाराआड होते. भाऊ पोहणारा होता. पोहणारा होता, म्हणून बाबा तीन दिवस किनाऱ्यावर बसून राहिले.” तिने पदराने तोंड पुसले. “तुझ्या बोटीत कोणी जागा सोडून उठायचं नाही. काही झालं तरी.”

“नाही उठणार.”

“आणि तटरक्षक दलाचा नंबर पाठ कर. १५५४. त्या गृहस्थांनी दिलाय.” तो तिने दिनदर्शिकेच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवला होता, दूधवाल्याच्या हिशेबाखाली.

माघी पौर्णिमा उलटल्यावरच्या रविवारी आम्ही सगळे निघालो. म्हणजे आई सोडून सगळे. ती आदल्या दिवशीच एस.टी.ने थळला गेली, नेहमीसारखी, पनवेल-पेण-वडखळवरून. मांडव्याच्या धक्क्यावर जाकिटे चढवली. नातीला तिचे गुडघ्यापर्यंत आले. तांडेल पुढे, मी चाकावर, मुलगा, सून आणि नात मधल्या बाकावर, ही छत्री उघडून मागे. दुर्बीण काही केल्या सापडेना. सगळ्या पिशव्या उपसल्या. शेवटी तशीच बोट सोडली.

थळसमोर आल्यावर तांडेलांच्या सांगण्यावरून मी वेग कमी करून किनाऱ्याच्या जरा जवळ घेतले. भरती होती. नारळांखाली पांढऱ्या लुगड्यातली एक बारीक आकृती उभी दिसली, डोळ्यांना काहीतरी काळे लावून. दुर्बीण कुठे गेली ते कळले. मी चाक तांडेलांच्या हाती दिले आणि सवयीने मागे वाकून पाहू लागलो, इंजिनाच्या कुशीतली धार नीट पडते आहे की नाही.

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“पाचच दिसतायत,” आईचा आवाज आला. “सहावा कुठाय?”

“मी आहे, आई!” मी ओरडलो आणि तिला दिसावे म्हणून उठून उभा राहिलो.

“खाली बस!” फोनमधून आवाज आला.